पाण्याची सुई

दिवाळी अंकासाठी लिहायला सांगताना संपादक म्हणाले, "सिस्टर, रुग्णसेवेतले हृद्य प्रसंग लिहा." मी हो म्हटलं आणि आठ दिवस हृद्य प्रसंग आठवत बसले. पुन्हा पुन्हा आठवत होता तो एकच, आणि तो हृद्य नव्हता, लाजेचा होता. तोच लिहिते. छापायचा की नाही ते त्यांनी ठरवावं.

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला त्याच साली मी नोकरीला लागले. आमचं घर कुडव्याला. वडील राइस मिलमध्ये पोती उचलायचे, आई बिड्या वळायची. पांढरे कपडे घालून कामावर जाणारी घरातली मी पहिलीच. पहिल्या दिवशी आईने मला वरून खाली पाहिलं आणि म्हणाली, "इतके पांढरे कपडे मळतीन न वं." कौतुक म्हणून एवढंच. पण तिचं म्हणणं दुपारपर्यंत खरं ठरलं.

ज्या ग्रामीण रुग्णालयात मी लागले त्याचं नाव लिहीत नाही. तिथे आता नवी माणसं आहेत, त्यांचा काही दोष नाही.

नर्सचं काम म्हणजे पेशंटच्या कपाळावर हात ठेवणं, असं बाहेरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात अर्धं काम लिहिण्याचं आहे. ताप, नाडी, श्वास, सगळं तक्त्यावर उतरवायचं. ताप थर्मामीटर सांगतो, नाडी पटकन सापडते. श्वास मोजायला मात्र पूर्ण एक मिनिट पेशंटच्या छातीकडे बघत उभं राहावं लागतं, आणि तीस खाटांवर पंचेचाळीस पेशंट असले की तेवढं मिनिट कुणाकडे नसतं. त्यामुळे आमच्या तक्त्यांवर सगळे मिनिटाला वीस श्वास घेत. एका म्हाताऱ्याच्या नावापुढे मी वीस लिहिलं तेव्हा तो तासाभरापूर्वीच कुणाला न सांगता गावी निघून गेला होता.

दुसरं काम सुया टोचण्याचं. आमच्याकडे गोळीवर कुणाचा विश्वास नाही. गोळी हातात दिली की माणूस तिच्याकडे आणि मग आपल्याकडे असा बघतो की आपणच काहीतरी लपवून ठेवलंय. "सुई नाही देत का जी? मंग दवाखान्यात आलो कायले?" असं एका आजोबांनी मला सरळ विचारलं होतं. सुई दिली की तोच माणूस बाकावरून उठताना बरा झालेला असायचा. या विश्वासाचा आम्ही कधीमधी फायदाही घ्यायचो. काही नसलेल्याला नुसत्या पाण्याची सुई द्यायची, म्हणजे इंजेक्शनचं औषध ज्यात कालवतात त्या शुद्ध पाण्याची. डॉक्टर सांगायचे, आम्ही द्यायचो. त्यात कुणाला वाईट वाटत नव्हतं, मलाही नाही.

वनिता पहिल्यांदा माझ्या वॉर्डात आली तेव्हा सोळा-सतरा वर्षांची होती. रोवणीचे, म्हणजे भाताच्या लावणीचे दिवस होते. तिची आई फुलाबाई तिला एसटीने घेऊन आली, स्टँडपासून दवाखान्यापर्यंत जवळजवळ उचलूनच. काटकुळी मुलगी, डोळ्यांत किंचित पिवळी झाक. पोटऱ्या, कंबर, पाठ, सगळं दुखतं म्हणे. सूज नाही, मार नाही, ताप नावापुरता. आमच्या डोळ्यांना दिसेल असं तिच्या अंगावर काहीच नव्हतं.

"पान्यात उभी राह्यली का हिचं सुरू होते," फुलाबाई म्हणाली. "हाडात कोनी कुऱ्हाड घालून राह्यलं असं म्हनते."

आमच्या मोठ्या सिस्टर, म्हणजे वॉर्डाच्या इन्चार्ज, यांना वनिता आधीपासून माहीत होती. त्यांनी मला बाजूला घेतलं. "दर दोन महिन्यांनी येते. रोवणी आली की दुखतं, कापणी आली की दुखतं. काम नको, दुसरं काही नाही. आणि दुखणं थांबवायची ती जोरदार सुई बरोबर मागते बघ."

आणि वनिताने ती मागितलीच. "मागच्या खेपी देल्ली ती सुई द्या जी. त्यानं दोन घंटे बरं वाटते."

डॉक्टर तरुण होते, लांबच्या जिल्ह्यातून आलेले, बदलीच्या अर्जाचं काय झालं ते रोज विचारणारे. त्यांनी वनिताचे गुडघे दाबून पाहिले, पोट पाहिलं आणि माझ्याशी इंग्रजीत बोलले, म्हणजे पेशंटला कळू नये असं काहीतरी. अर्थ इतकाच, की मुलीला त्या औषधाची सवय लागली आहे, पाणी द्या.

नर्सिंगच्या परीक्षेत आम्हाला प्रश्न होता, वेदना म्हणजे काय. उत्तर असं, की वेदना बाहेरून मोजता येत नाही, पेशंट सांगेल तेवढी ती असते. त्याचे मार्क मला पूर्ण मिळाले होते. मी पाणी सिरिंजमध्ये भरलं, हवा काढली आणि अगदी गंभीर चेहऱ्याने वनिताला टोचलं. पाण्याची सुई खऱ्या औषधापेक्षा जास्त चुरचुरते. वनिता भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

अर्ध्या तासाने मोठ्या सिस्टरांनी विचारलं, "काय गं, आता कसं वाटतं?"

"बरं हाय जी," वनिता म्हणाली.

ड्युटी रूममध्ये सगळे हसले. डॉक्टर म्हणाले, "बघितलंत?" मीही हसले. तक्त्यावर लिहिलं, पेशंटला आराम.

संध्याकाळी ताप बघायला मी तिच्या खाटेजवळ गेले. फुलाबाई नळावर गेली होती. वनिता हळूच म्हणाली, "सिस्टर, पान्याची होती ना?"

"काय?"

"सुई. त्या दुसऱ्या सुईनं तोंड सुकते, डोकं जड होते. आज काहीच नाही झालं. नुसती आग झाली."

मी थर्मामीटर झटकत राहिले. मग विचारलं, "मग बरं आहे म्हणून काऊन सांगितलंस?"

"नाही म्हटली असती तं अजून एक पान्याची देल्ली असती तुमी," ती म्हणाली. "बरं हाय म्हटलं तं घरी सोडान. घरी माय शेक तं देते."

तिला राग आलेला नव्हता. बाजार किती वाजता उठतो ते सांगावं तसं तिने सांगितलं. थर्मामीटर तिच्या काखेत ठेवायचा राहूनच गेला आणि मी पुढच्या खाटेकडे गेले. डॉक्टरांना जाऊन सांगावं, की साहेब, मुलगी खोटं बोलली ते दुखण्याबद्दल नाही, दुखणं थांबल्याबद्दल बोलली, असं मनात आलं होतं. सांगितलं नाही. मी नवी होते, ते डॉक्टर होते आणि मोठ्या सिस्टर माझी ड्युटी लावायच्या. दुसऱ्या दिवशी वनिता घरी गेली.

त्यानंतर ती सहा-सात वर्षांत कितीतरी वेळा आली. तिला आमच्याकडे नाव पडलं होतं, नाटकी वनिता. कधी खरं औषध मिळायचं, कधी पाणी, ते ड्युटीवर कोण आहे त्यावर. मी असले तर गुपचूप गरम पाण्याची पिशवी द्यायचे, प्यायला पाण्याचा तांब्या भरून ठेवायचे. पण नाटकी हे नाव मी कधी खोडून काढलं नाही. उलट एकदा नव्या आलेल्या सिस्टरला मीच म्हणाले, "ती ना, नाटकी वनिता आहे." तोंडातून निघून गेलं. खाटेवर वनिता जागी होती.

एकदा फुलाबाई मला म्हणाली, "हिच्याहून मोठी होती मले एक. तिचंही असंच दुखे. दहाव्या वर्षी गेली. गावचे म्हनत, बाहेरचं हाय." मी हळहळले. दोन बहिणींचं सारखंच दुखतं याचा अर्थ काय, हा विचार मला शिवला नाही. मी तीन वर्षं शिकून आले होते, फुलाबाईने शाळेचं तोंडही पाहिलं नव्हतं, तरी जोडून सांगितलं तिनेच.

मग एक दिवस आम्हा नर्सेसना गोंदियाला प्रशिक्षणाला बोलावलं. प्रशिक्षण म्हटलं की आम्ही खूश. दिवसभर खुर्चीत बसायला मिळतं, आणि समोसा असतो. विषय होता सिकलसेल. पुस्तकात अर्धं पान वाचलेलं, पण तो आजार आफ्रिकेत असतो असं काहीसं डोक्यात बसलेलं होतं. शिकवणाऱ्या डॉक्टर मॅडमनी सोपं करून सांगितलं. रक्तातल्या लाल पेशी गोल असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात, मग पुढे रक्त पोचत नाही आणि हाडं दुखायला लागतात. दुखणं असं, की बाळंतपणाच्या कळा बऱ्या. तो आईबापांकडून येतो, आणि आपल्या या पट्ट्यात घरोघरी सापडतो.

मग त्या फळ्यावर लक्षणं लिहू लागल्या. डोळे पिवळे. अंग वाळलेलं. बाहेरून काही दिसत नाही. थंडीत, पाण्यात उभं राहिल्यावर, जास्त काम केल्यावर, पाणी कमी प्यायल्यावर दुखणं उठतं. भावंडांपैकी कुणी लहानपणी गेलेलं असतं. मी वहीत उतरवत होते आणि दोन-तीन ओळींनंतर पेन थांबलं. त्या फळ्यावर वनिताचं नाव तेवढं लिहायचं राहिलं होतं. शेवटी मॅडम म्हणाल्या, "अशा पेशंटला बरेचदा नाटकी समजलं जातं." सभागृहात थोडं हसू उठलं. माझ्याच्याने हसवलं नाही.

जेवणानंतर तपासणी करून दाखवायची होती. बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, नळीतल्या औषधाच्या पाण्यात टाकायचा आणि नळी छापील रेघांच्या कागदासमोर धरायची. रेघा दिसल्या तर ठीक, पाणी गढूळ होऊन रेघा झाकल्या तर रक्तात दोष आहे. लॅबवाले कटरेभाऊ म्हणाले, "कोणी बोट देता का?" मी दिलं. थोड्या वेळाने त्यांनी नळी धरली आणि रेघा दिसेनात. कटरेभाऊंनी नळी पुसली, परत धरली. "ताई, नळीच खराब असेल," ते म्हणाले. नळी चांगली होती. पुढच्या तपासणीत कळलं, की मी वाहक आहे. म्हणजे आजार नाही, पण अर्धा वाटा माझ्या रक्तात आहे, पोरांना देता येईल असा. नवऱ्याचं रक्त साफ निघालं म्हणून माझ्या दोन्ही मुली वाचल्या, यात माझी हुशारी काही नाही. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घरी असं काही नव्हतं." त्यांचं खरं होतं. आलं ते माझ्यासोबत.

त्या आठवड्यात सुट्टी टाकून मी वनिताला शोधायला निघाले. माहेरी फुलाबाई म्हणाली, लग्न होऊन ती बोदलकशाकडे गेली. नवरा रमेश तलावावर मासे धरतो. तिरोड्यापर्यंत एसटी, पुढे काळीपिवळी जीप, असं करत मी तिच्या दारात पोचले. वनिता अंगणात जाळ्याचं सूत सोडवत बसली होती. पाच महिन्यांची पोटुशी.

"सिस्टर, तुमी काऊन आले?" ती म्हणाली. दवाखाना चालत आपल्या घरी आला याचं तिला नवल वाटलं असावं.

मी तिला बोट द्यायला सांगितलं. नमुना गोंदियाला पाठवला. पंधरा दिवसांनी कागद घेऊन परत गेले आणि जमेल तसं समजावून सांगितलं. आजाराचं नाव काय, तो कुठून येतो, बाळंतपणात काय सांभाळायचं. आणि शेवटी म्हणाले, "वनिता, तुला खरंच आजार आहे. तुझं दुखणं खरं होतं."

ती हसली.

"मले तं ठाऊकच होतं जी," ती म्हणाली. "तुमाले आता समजलं."

माफी मागायची म्हणून वाटेत मी दोन-तीन वाक्यं जुळवून आणली होती. ती तशीच राहिली. तिने चहा केला, मी प्यायले. निघताना रमेश म्हणाला, "सिस्टरबाई, हिचं दुखते तवा मीही समजून राह्यलो होतो का ही माहेरी जाण्यासाठी करते." म्हणजे माफी मागणाऱ्यांच्या रांगेत मी एकटी नव्हते.

आठव्या महिन्यात, भर दुपारी, रमेश तिला रिक्षात घालून घेऊन आला. कळा सुरू झालेल्या, आणि त्यातच छातीत दुखत होतं, श्वास पुरत नव्हता. त्या दिवशी मी तिच्या छातीकडे बघत पूर्ण मिनिटभर उभी राहिले. अडतीस श्वास मोजले. आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम नव्या होत्या, रुजू होऊन महिनाही झाला नव्हता. गोंदियाला पाठवायला हवं हे त्यांना लगेच कळलं, पण अॅम्ब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन गेलेली, यायला तास लागणार होता. तो तास काढायचा होता.

मी सलाईन लावली, ऑक्सिजन लावला. मग दुखणं थांबवायची सुई हवी होती. ती कपाटात, आणि चावी मोठ्या सिस्टरांकडे. त्यांना निवृत्तीला काही महिने उरले होते. त्या दारात येऊन वनिताकडे बघत म्हणाल्या, "हीच का ती? मॅडम, हिला आम्ही लहानपणापासून ओळखतो. हिचं असंच असतं."

डॉक्टर मॅडम माझ्याकडे बघू लागल्या. एकीकडे तीस वर्षांची नोकरी बोलत होती, दुसरीकडे मी. मी म्हणाले, "सिस्टर, चावी द्या."

"उद्या काही झालं तर कोण उत्तर देणार?"

"मी देईन. मागे पाणी दिलं तेव्हाही मीच दिलं होतं. त्याचं उत्तर मला कुणी विचारलं नाही."

मोठ्या सिस्टरांनी चावी दिली नाही. त्या स्वतः गेल्या, कपाट उघडलं, सुई आणून माझ्या हातात ठेवली आणि खुर्चीत बसल्या. पुढचा तासभर त्या तिथेच होत्या. मधेच उठल्या आणि वनिताच्या पायांवर दुसरं ब्लँकेट घालून गेल्या. त्यांना मी वाईट म्हणणार नाही. मला जे त्या एका दिवसाच्या प्रशिक्षणात मिळालं, ते त्यांना कुणी दिलंच नव्हतं.

अॅम्ब्युलन्समध्ये मी सोबत बसले. गोंदियाच्या तोंडाशी फाटक पडलेलं. मालगाडी जात होती, संपता संपेना. रमेश खाली उतरून फाटकाला धरून उभा, जणू तो उभा राहिला की गाडी लवकर जाईल. वनिताने ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारला.

"सिस्टर, आज तोंड सुकून राह्यलं," ती म्हणाली.

"मास्क लाव," मी म्हणाले. याहून जास्त काही बोलले असते तर रडले असते, आणि वर्दीत रडायचं नसतं असं आम्हाला शिकवलं आहे.

मोठ्या दवाखान्यात तिला रक्त दिलं, सिझेरियन केलं. मुलगी झाली, मुठीएवढी. आठ दिवस वनिताचं काही खरं नव्हतं. नवव्या दिवशी ती उठून बसली आणि तिने भात मागितला. मुलगी वाहक आहे, आईलाच आजार असल्यावर ते होणारच होतं. पण ती धडधाकट आहे, तलावात मासळीसारखी पोहते. वनितालाही आता नेमाने गोळ्या मिळतात. दुखणं येतं, पण पूर्वीइतकं नाही. तिला तपासणीचं कार्ड मिळालं आहे. कार्ड दाखवलं की आता कुणी नाटकी म्हणत नाही. अंगातलं दुखणं जे सांगू शकलं नाही, ते त्या पुठ्ठ्याने एका दिवसात पटवून दिलं.

तेव्हापासून वनिताने एक काम आपणहून अंगावर घेतलं. आजूबाजूच्या गावांत कुणाचे डोळे पिवळे, कुणाची हाडं दुखतात असं कानावर आलं की ती त्या बाईला पकडून आमच्याकडे आणते. पद तिला नाही, कुणी नेमलेलं नाही. तिने आणलेल्या बायकांपैकी किती तरी जणींच्या रक्तात दोष निघाला. मी आता त्याच वॉर्डाची इन्चार्ज आहे. वनिता दारात दिसली की आमचे डॉक्टर नळ्या काढायला सांगतात.

गेल्या वर्षी रोवणीत ती अशीच एका बाईला घेऊन आली. पंचविशीची, अंगाने बरी, डोळे स्वच्छ. कंबर दुखते म्हणाली, मग गुडघे म्हणाली, मग पाठ. मी दाबलं की ओरडायची, पण दाबायच्या आधीच. वीस वर्षं हे काम केल्यावर एवढं कळतं. तपासणी केली, नळीमागच्या रेघा लख्ख दिसल्या. बाई खाटेवर पाठ टेकताच झोपून गेली होती.

मी वनिताला व्हरांड्यात नेलं. "हिला काही झालेलं नाही," मी म्हणाले.

"मले ठाऊक हाय जी," वनिता म्हणाली.

"मग आणलीस कायले?"

"घरी चार लेकरं हायेत. सासू बसून हाय, नवरा पेऊन मारते. पाहाटपासून दिवसभर पान्यात रोवना करते, घरी येऊन रांधते. दुखते म्हटल्याशिवाय तिले कोनी झोपू देत नाही. दोन दिस झोपू द्या."

वॉर्ड भरलेला होता. खाटा कमी होत्या, आणि खोट्या पेशंटला खाट देणं नियमात बसत नव्हतं. मी आत गेले, टेबलावर बसले, केसपेपर पुढे ओढला. वनिता माझ्या बाजूला येऊन उभी राहिली.

"तक्रार काय लिहू?" मी विचारलं. "कुठे दुखतं म्हणून लिहू?"

"जागा कायले पायजे जी," वनिता म्हणाली. "दुखते म्हनून लिवा."

मी लिहिलं.